अंदाज आणि ताळा



कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत भाषणास उभ्या राहणाऱ्या माणसाने आपला विषय जपून निवडावा. कारण ज्या पेठेत खासबागेचे कुस्त्यांचे मैदान आहे आणि जिच्या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरले म्हणजे निम्मे शहर घरी सापडत नाही, तेथील श्रोता वक्त्याच्या शब्दवैभवापेक्षा निकालावर अधिक भरवसा ठेवणारा असतो. सुदैवाने मी निवडलेला विषय निकालाचाच आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी हवामानाचा अंदाज स्वतः करण्याचे व्यावहारिक कौशल्य कसे कमवावे, आणि ते कमावणे म्हणजे नेमके काय, याचा विचार आज करावयाचा आहे. ज्या गणितशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते उदाहरणाचे उत्तर बरोबर आले तरी त्याखाली ताळा मांडलेला नसेल तर गुण कापून घेत, असे त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. त्यांच्या विद्वत्तेचा गौरव माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी अधिक अधिकाराने केला आहे. मी त्यांचा तो ताळ्याविषयीचा हट्ट तेवढा आजच्यापुरता उसना घेतो.

आपल्याकडे अंदाजांचा दुष्काळ कधीच नव्हता. मृग नक्षत्र कोणत्या वाहनावर बसून येणार हे पंचांगात छापलेले असते, आणि बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की पेरणीच्या गप्पांना रंग चढतो. सहदेव-भाडळीची वचने म्हाताऱ्या माणसांना मुखोद्गत आहेत. हल्ली प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल तासातासाचा पाऊस सांगतो, आणि त्याखेरीज समाजमाध्यमांवर स्वयंघोषित पर्जन्यवेत्त्यांची एक नवी पेठच वसली आहे. या मंडळींची थट्टा करण्याचा माझा मानस नाही. माझा आक्षेप एवढाच, की यांपैकी कोणाचाही गेल्या वर्षीचा अंदाज यंदाच्या ज्येष्ठात कोणी काढून पाहत नाही. जो खरा ठरला तो कीर्तिरूपाने उरतो आणि जो चुकला तो वाहून जातो. हाच शिरस्ता पदवीधर हवामानशास्त्रज्ञाने पाळला तर त्याच्यात आणि पंचांगातील बेडकात फरक करण्याचे कारण मला दिसत नाही.

या बाबतीत आपल्या महसूल खात्याची वहिवाट विद्यापीठांपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे, असे म्हटले तर काहींना आश्चर्य वाटेल. पिकांची पैसेवारी प्रथम नजरअंदाज, पुढे सुधारित आणि शेवटी अंतिम अशी जाहीर होते; हे आकडे दप्तरी दाखल राहतात, आणि ज्याला पाहिजे त्याने नजरअंदाज व अंतिम यांतील तफावत काढावी. मुदत ठरलेली, आकडा लिहिलेला आणि कागद जतन केलेला, या तीन अटी जेथे पूर्ण होतात तेथेच अंदाज ही शिकण्याजोगी विद्या होते.

महाराष्ट्रात या विद्येचा पहिला ठळक विद्यार्थी कोण, असे विचारल्यास मी केरो लक्ष्मण छत्रे यांचे नाव घेईन. अलिबागेजवळच्या नागावचा हा मुलगा मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत शिकावयास गेला, तेथे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या नजरेत भरला, आणि वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास कुलाबा वेधशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाला. ईस्ट इंडिया कंपनीने ही वेधशाळा १८२६ साली स्थापिली होती. १८४१ पासून तेथे हवामानाचे नियमित वेध घेतले जाऊ लागले, आणि त्या प्रारंभकाळात सुमारे दहा वर्षे छत्रे तेथे होते. ज्या वयात आजचा विद्यार्थी प्रयोगवहीतील आकडे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो, त्या वयात या मुलाने समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात उभे राहून तापमापक आणि वायुभारमापक वाचले. पुढे ते पुण्यास गणिताचे प्राध्यापक झाले, टिळकांसारखा विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकला, आणि ग्रहसाधनाची कोष्टके लिहून त्यांनी जुन्या पंचांगातील गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळवून घेण्याचा उद्योग केला. पंचांगशोधकांचा सारा वाद अखेर ‘दृक्प्रत्यय’ या एका कसोटीवर येऊन थांबत असे: कागदावर ग्रह जेथे सांगितला तेथे तो डोळ्यांस दिसला पाहिजे. कुलाब्याच्या वेधशाळेतील कारकुनी आणि पंचांगाची शुद्धी ही कामे वरवर कितीही भिन्न दिसली तरी दोहोंच्या मुळाशी एकच शिस्त होती, आणि ती शिस्त विद्यार्थिदशेत हाडीमासी खिळली होती.

पुढचा इतिहास मी धावत्या पावलांनी ओलांडतो. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि १९२८ साली त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. त्या पुण्यातच एल. ए. रामदास यांनी स्वच्छ आणि निवांत रात्री किमान तापमान प्रत्यक्ष जमिनीवर असण्याऐवजी जमिनीपासून वीतभर-हातभर उंचीवर असते, असे १९३२ च्या सुमारास दाखविले. पाठ्यपुस्तकातील समज त्याच्या अगदी उलट होता, आणि परदेशी पंडितांनी दीर्घकाळ ही मापनातील चूक असावी असेच मानले. पण तापमापक पुनःपुन्हा तेच सांगत राहिला. त्याच पुण्यात अ‍ॅना मणी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात देशी हवामान-उपकरणांचे रेखांकन व प्रमाणीकरण उभे केले. सारांश, उपकरणापाशी वाकून आकडा वाचण्याला कमीपणा न मानणारी एक परंपरा या मुलखात होती.

एक योगायोग मात्र सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. उष्णकटिबंधीय हवामानाच्या संशोधनासाठी पुण्यास जी राष्ट्रीय संस्था निघाली ती १७ नोव्हेंबर १९६२ रोजी, आणि आपले शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले ते दुसऱ्याच दिवशी, १८ नोव्हेंबरला. या दोन समवयस्क संस्थांचे एकमेकींकडे जाणेयेणे व्हावे तेवढे झाले नाही, असे माझे मत आहे. आपल्या विद्यापीठाच्या आवारात भूचुंबकत्व संस्थेचे एक रडार आहे, जे जमिनीपासून ८० किलोमीटरांच्या वरच्या वाऱ्यांचा वेध घेते. ते कार्य थोर आहे, आणि तेथे काम केलेल्या विद्यार्थ्यांचा मला अभिमान वाटतो. परंतु रंकाळ्यावर छत्री काखेत धरून फिरणाऱ्या नागरिकाला ज्या ढगाची चिंता असते तो पंधरा किलोमीटरांच्या आतच असतो, आणि त्याच्याविषयी उद्या काय म्हणावे, हे शिकविणारा तास वेळापत्रकात नाही. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, कोचीनला आहे, वाल्टेरच्या आंध्र विद्यापीठात जुना आहे. तेथे जाण्याची ज्याला ऐपत वा संधी नाही, त्या कोल्हापूरच्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने काय करावे? माझे उत्तर असे, की त्याने विभाग निघण्याची वाट न पाहता आरंभ करावा. आणि आरंभ डोळ्यांपासून करावा.

एक उदाहरण देतो. शहराच्या वायव्येस जोतिबाचा डोंगर आपण रोज पाहतो. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट, शहराची सुमारे १८५० फूट. म्हणजे माथा आपल्या डोक्यावर बाराशे-साडेबाराशे फूट आहे. आता विद्यार्थ्याने कोरडा आणि ओला असे दोन तापमापक सावलीत, वारा लागेल असे टांगून वाचावेत, त्यावरून दवबिंदू काढावा, आणि हवेचे तापमान व दवबिंदू यांतील अंतर पाहावे. जमिनीलगतची हवा नीट घुसळलेली असेल तर या अंतराच्या दर अंशास ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर उंच असतो, हा साधा नियम आहे. हवा २५ अंश, दवबिंदू २२ अंश, अंतर तीन अंश, तळ ३७५ मीटरांवर, म्हणजे सुमारे सव्वाबाराशे फुटांवर. मग त्याने गच्चीवर जाऊन जोतिबाकडे पाहावे. माथ्याला ढग नुकता टेकलेला दिसला तर गणित जमले. डोंगर कंबरेपर्यंत बुडालेला असेल किंवा ढग त्याच्या कितीतरी वर तरंगत असेल तर तापमापक, नियम आणि आपण या तिघांपैकी कोण चुकले हे त्याने शोधावे. ऊष्मागतिकीचा जो धडा परीक्षेपुरता घोकला जातो, त्याचा ताळा असा पाच मिनिटांत आणि फुकट मिळतो. जोतिबाच्या डोंगराचा हा उपयोग धर्मशास्त्राच्या विरुद्ध नसावा.

दुसरा धडा वायुभाराचा. नवशिका विद्यार्थी सकाळी दहा वाजता वायुभारमापक वाचतो, दुपारी चार वाजता पुन्हा वाचतो, आणि तीन-चार हेक्टोपास्कलांची उतरण पाहून वादळ येत असल्याची वर्दी देतो. वस्तुतः आपल्या अक्षांशांवर वायुभार रोजच सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो व पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. ही वातावरणाची भरतीओहोटी एका दिवसातून दुसऱ्या दिवशी होणाऱ्या फरकापेक्षा बहुधा मोठी असते. सबब आजचे चार कालच्या चारशीच ताडून पाहावे लागतात. विलायती पुस्तकांत हा इशारा ठळक नसतो, कारण त्या थंड प्रदेशांत वादळे या भरतीओहोटीला गिळून टाकतात. आपल्या देशाचे हवामान आपल्याच देशात उभे राहून शिकावे लागते.

तिसरा धडा नकाशाचा, आणि येथे थोडे थांबावयास हवे. सकाळी साडेआठ वाजता देशभरच्या वेधशाळांत एकाच क्षणी निरीक्षणे होतात. ती कोऱ्या नकाशावर प्रत्येक ठाण्यापाशी मांडून, पेन्सिलीने, दोन-दोन हेक्टोपास्कलांच्या अंतराने समभाररेषा स्वतःच्या हाताने काढण्याचा परिपाठ हवामान खात्याच्या पुण्यातील प्रशिक्षणवर्गात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. यंत्र हे काम निमिषार्धात करते, मग हाताने कशासाठी, असा प्रश्न हुशार विद्यार्थी हटकून विचारतो. त्याचा खुलासा असा, की रेषा ओढताना एखाद्या ठाण्याचा आकडा शेजाऱ्यांशी जुळेनासा झाला की पेन्सिल थबकते, आणि त्या थबकण्यातच विचार सुरू होतो: ही निरीक्षकाची चूक आहे, की खरोखरच तेथे काही शिजते आहे? यंत्राने काढलेल्या गुळगुळीत रेषेवरून नजर घसरून जाते. जुलै-ऑगस्टात असे महिनाभर नकाशे काढणाऱ्या विद्यार्थ्यास एक गोष्ट कोणी न सांगता उमजते. ओडिशाच्या किनाऱ्यावर कमी दाबाचे क्षेत्र उपजले आणि मध्य भारताकडे सरकू लागले, की अरबी समुद्रावरचे पश्चिमेचे वारे जोर धरतात, गुजरातपासून केरळापर्यंत किनाऱ्याला समांतर असा कमी दाबाचा पट्टा ठळक होतो, आणि एक-दोन दिवसांत गगनबावड्याचा पर्जन्यमापक भरून वाहू लागतो. पंचगंगेच्या पाण्याचा हुकूम पुष्कळदा बंगालच्या उपसागरातून सुटतो.

आता खऱ्या परीक्षेकडे येऊ. विद्यार्थ्याने रोज सायंकाळी एका ठरलेल्या वेळेच्या आत चार गोष्टी लिहावयाच्या: उद्याचे कमाल तापमान, किमान तापमान, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीचे साडेआठ या मुदतीत पाऊस पडण्याची शक्यता शेकडा किती, आणि पडलाच तर किती मिलिमीटर. ठिकाण एकच, वेधशाळेचे. ‘अंशतः ढगाळ राहून हलक्या सरींची शक्यता’ असली गुळमुळीत भाषा वर्ज्य. आकडा लिहिला की वहीचे पान मिटावयाचे, आणि खाडाखोड करावयाची नाही.

पण नुसते बरोबर आले किती, चुकले किती, एवढे मोजून भागत नाही. १८८४ साली अमेरिकेच्या लष्करी सिग्नल खात्यातील जॉन फिन्ली यांनी टोर्नेडो वादळांविषयी २८०३ अंदाज केले आणि त्यांपैकी ९६.६ टक्के बरोबर आल्याचे अभिमानाने जाहीर केले. टीकाकारांनी लगेच हिशेब उलगडला. प्रत्यक्षात टोर्नेडो आले ५१ वेळा, आणि फिन्लींना त्यांतील २८ पकडता आले. बाकीचे यश ‘येणार नाही’ म्हटल्याचे आणि न आल्याचे होते. त्यांनी डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘येणार नाही’ असेच लिहिले असते तर ९८.२ टक्के गुण मिळाले असते! हा दाखला कोल्हापूर जिल्ह्यास जसाच्या तसा लागू पडतो. जुलैत गगनबावड्यास ‘उद्या पाऊस’ म्हणणे आणि जानेवारीत शिरोळास ‘उद्या कोरडे’ म्हणणे याला शंभरपैकी शंभर गुण मिळतील, पण तो अंदाज नव्हे. गगनबावड्यास वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस, शहरात हजाराच्या आसपास आणि शिरोळकडे पाचशेच्या घरात, असा हा जिल्हा आहे. येथे कौशल्य मोजावयाचे तर दोन मुके प्रतिस्पर्धी समोर उभे करावे लागतात. एक केवळ सरासरीवर हवाला ठेवणारा, दुसरा ‘आज होते तेच उद्या’ म्हणणारा. या दोघांना जो जिंकेल त्यालाच काही येते, असे समजावे. मी सांगतो यावर विश्वास ठेवा, ऑक्टोबर अर्धा उलटला की ‘आज तेच उद्या’ म्हणणाऱ्या त्या मुक्याला हरविणे मोठे जिकिरीचे काम होते. मात्र तमिळनाडूच्या किनाऱ्याकडे एखादे चक्रीवादळ आले, त्याचे उंचावरचे ढग आपल्या आकाशात पसरले, आणि उघड्या आभाळाखाली उतरत चाललेले रात्रीचे तापमान एकाएकी चढले, त्या दिवशी तो मुका हमखास पडतो. विद्यार्थ्याची खरी कमाई अशाच दिवसांची असते.

शेकडेवारीचा हिशेब ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली घालून दिला. समजा, विद्यार्थ्याने पावसाची शक्यता ७० टक्के लिहिली. पाऊस पडला तर त्याची कसर ०.३, तिचा वर्ग ०.०९. पडला नाही तर कसर ०.७, वर्ग ०.४९. रोजच्या वर्गांची सरासरी जितकी लहान तितका विद्यार्थी चांगला. जो भित्रा सदैव ५० टक्केच लिहील त्याच्या नावे ०.२५ कायमचे लागतात. आणि जो छातीठोकपणे १०० टक्के लिहून तोंडघशी पडेल त्याला एका दिवसात पूर्ण १ चा दंड बसतो. या पद्धतीची खुबी अशी, की मनात जेवढी खात्री असेल तेवढीच कागदावर लिहिणे यातच लिहिणाऱ्याचा फायदा असतो. फुशारकीलाही शिक्षा आहे आणि मोघमपणालाही. माणसाला स्वतःच्या अज्ञानाचे माप घेण्यास शिकविणारे इतके स्वस्त साधन दुसऱ्या कोणत्या विद्याशाखेत असेल, असे मला वाटत नाही.

दीर्घ पल्ल्याच्या अंदाजांच्या बाबतीत आपल्या देशाने हाच धडा महाग किंमत देऊन घेतला. १९८८ साली वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांवर आधारलेले मोसमी पावसाचे प्रतिमान तयार झाले. पुढे वर्षामागून वर्षे ‘सरासरीइतका पाऊस’ असा अंदाज निघत राहिला, आणि पाऊसही सरासरीच्या आसपास पडत राहिला. मग २००२ साल उजाडले: अंदाज १०१ टक्क्यांचा, प्रत्यक्षात ८१ टक्के, आणि जुलै महिना तर निम्म्या पावसावर गेला. २००५ साली सुलोचना गाडगीळ आणि त्यांचे सहकारी यांनी ‘करंट सायन्स’मध्ये मागच्या सत्तर वर्षांचा हिशेब तपासून लिहिले, की अशा अनुभवाधारित प्रतिमानांच्या कौशल्यात त्या सात दशकांत सुधारणा झालेलीच नाही. गोवारीकरांच्या कर्तृत्वाविषयी मला नितांत आदर आहे, आणि सोळा घटकांची ती कल्पना त्या काळी धाडसाचीच होती. परंतु ओळीने चांगल्या गेलेल्या वर्षांत ‘चांगले वर्ष’ असा अंदाज खरा ठरणे हे फिन्लींच्या ९६.६ टक्क्यांचेच भावंड आहे, हे आधी कोणी मोठ्याने म्हणावयास हवे होते. गाडगीळबाईंनी ते म्हटले, आणि पुण्याच्या मातीतील स्पष्टवक्तेपणाने म्हटले.

इतके सर्व झाल्यावर व्यवहारी माणूस विचारील, की या शेकडेवारीचे आम्ही करावे काय? गुऱ्हाळाचे उदाहरण घेऊ. उसाचा रस काढून उरलेले चिपाड उन्हात वाळवून चुलवाणात जाळतात. अवकाळी पावसाने ते भिजले की गुऱ्हाळ बंद. समजा, रात्री गडी लावून ते ताडपत्रीखाली घ्यावयास दोन हजार रुपये लागतात, आणि भिजले तर वीस हजारांचे नुकसान होते. खर्च नुकसानीच्या दशांश आहे. म्हणून पावसाची शक्यता दहा टक्क्यांहून अधिक असेल तर झाकावे, कमी असेल तर झोपावे. त्याच रात्री खासबागेत मैदान ठरले असेल तर संयोजकांचे गणित वेगळे: कुस्त्या पुढे ढकलण्याचा खर्च आणि पावसात मैदान उधळण्याचा तोटा यांत फारसे अंतर नसते, म्हणून सत्तर-ऐंशी टक्के शक्यता दिसेपर्यंत त्यांनी हलू नये. एकच आकाश, एकच आकडा, आणि दोघांना दोन सल्ले. ‘पाऊस येणार’ किंवा ‘येणार नाही’ एवढेच सांगणारा भविष्यवेत्ता या दोघांपैकी एकाला निश्चित बुडवितो. आपल्याकडे अंदाज चुकल्याबद्दल हवामान खात्याला शिव्या देण्याची प्रथा आहे. त्यांतील काही शिव्या खात्याने कमावलेल्या आहेत हे मी नाकारीत नाही, पण पुष्कळ शिव्या वीस टक्क्यांचा अर्थ शून्य आणि ऐंशीचा अर्थ शंभर असा करणाऱ्यांनी स्वतःलाच द्यावयाच्या असतात.

महापुराचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो निघाला की बाकीचे ऐकू येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे या शहरातील शाळकरी पोरही सांगते. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, २०२१ च्या जुलैत ५६ च्या पुढे; दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, आणि सुतारवाडा, कुंभार गल्लीच्या लोकांनी दोन वर्षांत दोनदा संसार उचलला. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांच्या खोऱ्यांत पडलेले पाणी प्रयाग चिखलीस एकत्र येऊन बंधाऱ्यापर्यंत पोहोचावयास काही तास घेते, आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की त्यात आणखी भर पडते. येथे विद्यार्थ्याला करण्याजोगे एक अत्यंत उपयुक्त काम पडून आहे. घाटमाथ्यावरच्या पर्जन्यमापकांचे सकाळचे आकडे, धरणांतील विसर्ग आणि बंधाऱ्यावरची फूट-इंचांतील पातळी हे सर्व प्रशासन रोज जाहीर करते. महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडेही उपलब्ध आहेत. या तीन ओळी शेजारी मांडून, उद्या सकाळी आठला बंधाऱ्यावर पातळी किती, याचा आकडा त्याने आज रात्री लिहावा. आरंभी त्याने आजच्या पातळीत कालची वाढ मिळवून पाहावी. तो त्याचा मुका प्रतिस्पर्धी. त्याला हरविता येऊ लागले म्हणजे घाटावरचा पाऊस किती तासांनी शिवाजी पुलाखाली येतो, हे त्याला कोणत्याही पुस्तकावाचून कळू लागले आहे असे समजावे. मात्र असा अंदाज त्याने आपल्या वहीत ठेवावा, पेठेत वाटू नये. पुराच्या दिवशी इशारा देण्याचा अधिकार जिल्हा प्रशासनाचा आहे, आणि शिकाऊ हाताने उठविलेली आवई महापुराइतकीच माणसे उठवून लावते.

राहिला यंत्राचा प्रश्न. २६ मे २०२५ रोजी आपल्या देशात सहा किलोमीटर चौकटीचे प्रतिमान कार्यान्वित झाले, आणि ते पुण्याच्या त्याच उष्णकटिबंधीय संस्थेत घडले आहे. पूर्वीची चौकट बारा किलोमीटरांची होती. कोल्हापूर ते गगनबावडा हे अंतर ५५ किलोमीटरांच्या आसपास; म्हणजे ज्या अंतरात पाऊस पाचपट होतो, ते पूर्वी जेमतेम चार-पाच घरांत बसवावे लागे, आता नऊ घरे मिळतात. प्रगती मोठी आहे, तरी घाटाचा प्रत्येक सुळका आणि प्रत्येक खिंड त्या घरांत मावत नाही, आणि यंत्र नेमके कोठे, कोणत्या वाऱ्यात, किती चुकते, हे सांगणारी वही त्या यंत्राकडे कोल्हापूरपुरती नसते. ती विद्यार्थ्याने ठेवावयाची. आपल्या अंदाजाशेजारी यंत्राचा अंदाज रोज लिहावा, महिन्याच्या अखेरीस दोघांचीही कसर काढावी, आणि यंत्र जिंकले तर खेद मानू नये. ते बहुधा जिंकेलच. पण पश्चिमेचा वारा मंदावलेल्या दिवशी ते शहरात पाऊस उगीच अधिक दाखवते, की वळिवाची वेळ दोन तास आधी सांगते, असा एखादा पक्का दोष ज्याने आकड्यांनिशी शोधला, तो त्या दिवसापासून यंत्राचा हमाल न राहता धनी होतो.

हे सारे एकट्याने करणे कंटाळवाणे आहे, आणि तरुण मुले कंटाळ्याला शरण जातात, हे मी दीर्घकाळ शिकविल्यामुळे जाणतो. त्यावर उपाय चुरस. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत फ्रेडरिक सँडर्स हे प्राध्यापक विद्यार्थ्यांबरोबर स्वतः रोज बॉस्टनचा अंदाज लिहीत आणि सर्वांचे गुण मांडीत. त्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक चमत्कारिक निष्कर्ष आहे: सर्वांच्या अंदाजांची नुसती सरासरी काढली तर ती सुट्या कोणत्याही अंदाजकर्त्याला मागे टाकते, मग तो प्राध्यापक का असेना. पुढे तिकडे विद्यापीठा-विद्यापीठांत स्पर्धा सुरू झाल्या; ओक्लाहोमा विद्यापीठाकडून चालविली जाणारी स्पर्धा आजही आठवड्यातून चार दिवस हजारो विद्यार्थ्यांना एका शहराचे कमाल, किमान, वारा आणि पाऊस लिहावयास लावते.

अशी स्पर्धा कोल्हापुरातील महाविद्यालयांनी आपसात चालवावी, अशी माझी सूचना आहे, आणि तिचा मसुदा मी या व्याख्यानमालेच्या चालकांच्या हाती देत आहे. मुदत १ जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत. सोमवार ते गुरुवार, सायंकाळी सहाच्या आत अंदाज दाखल. ठिकाणे दोन, कोल्हापूर शहर आणि गगनबावडा, म्हणजे घाटाच्या दोन्ही स्वभावांशी झुंज होईल. शाखेचे बंधन नसावे. मराठीच्या वर्गातील मुलीने भौतिकीच्या मुलास हरविले तर मला विशेष आनंद होईल. सरासरीवाला, ‘आज तेच उद्या’वाला आणि सर्वांची सरासरी, हे तीन बिनचेहऱ्याचे स्पर्धक गुणफलकावर पहिल्या दिवसापासून असावेत. प्राध्यापकांनी भाग घ्यावा, पण त्यांची नावे फलकावर विद्यार्थ्यांच्या नावांत मिसळून, पदवी न लावता लिहावीत. उशिरा आलेला अंदाज स्वीकारू नये, मग तो कुलगुरूंचा असला तरी. गुण काढण्याचे काम संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडे द्यावे आणि त्यांना स्वतःला स्पर्धेत उतरू देऊ नये, कारण पंच आणि मल्ल एकच असला तर काय होते, हे मंगळवार पेठेत मी सांगावयास नको. पहिल्या वर्षाच्या वह्यांचा खर्च मी देतो. दुसऱ्या वर्षापासून तो ज्याचे विद्यार्थी सर्वांच्या त्या सरासरीलाही मागे टाकतील त्या महाविद्यालयाखेरीज बाकीच्यांनी वाटून घ्यावा.